गावपळणीला नेलेली दोन मांजरं

पहाटे चार वाजता उठून मी मांजरांना बांगडा खाऊ घातला, ही पहिली चूक. डॉक्टरांनी बायकोला नीट सांगितलं होतं, निघायच्या आधी सहा तास पोट रिकामं ठेवा. बायकोने मला नीट सांगितलं होतं. मी नीट ऐकलंही होतं. पण मी मालवणकडचा माणूस. लांबच्या वाटेला लागणाऱ्या जिवाला उपाशी कसं पाठवायचं? बायको आंघोळीला गेली तशी मी रात्रीच्या कालवणातल्या दोन तुकड्या काढल्या, धुऊन घेतल्या, काटे वेचले आणि दोघांच्या पुढे ठेवल्या. दोघांनी अशा काही प्रेमाने माझ्याकडे बघितलं, की पंचवीस वर्षांच्या संसारात तसं कुणी बघितलं नव्हतं.

कात्रजचा बोगदा संपायच्या आत तो बांगडा परत आला.

मांजरं दोन. एक राखाडी, वयाने मोठी, तिला आम्ही थोरली म्हणतो. दुसरा पिवळा बोका, तो धाकटा. दोघांच्या टोपल्या वेगळ्या, कापडी, वर चेन असलेल्या. बांगडा आणला तो धाकट्याने. थोरलीने तो पोटातच ठेवला आणि त्याऐवजी आवाज काढायला सुरुवात केली. पुण्यापासून गावापर्यंत ती ओरडत होती. म्याव नव्हे. म्हातारी बाई लांबून कुणाला तरी नाव घेऊन हाक मारते, तसा आवाज. दर हाकेला मी आरशात बघायचो, आणि दर वेळी बायको म्हणायची, "रस्त्याकडे बघा."

"अजून किती वेळ ओरडेल ही?"

"तुम्ही बांगडा घातलात ना? मग तिलाच विचारा."

एवढ्या लांब मांजरं घेऊन जायचं कारण असं, की आमच्या गावाची पळण होती. आचऱ्याला आणि आसपासच्या काही गावांत ही चाल आहे, आमच्याही गावात आहे. दर तीन-चार वर्षांनी भातं कापून झाली की देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस तीन रात्री रिकामा करायचा असतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा कौल लावायचा. देवाने होकार दिला तर घरी, नाही दिला तर आणखी एक दिवस बाहेर. वेशीपलीकडच्या माळावर माडाच्या चुडतांच्या, म्हणजे झावळ्यांच्या, खोपी बांधून गाव राहतो, रांधतो, भजनं म्हणतो, पत्ते कुटतो. मुंबई-पुण्याला गेलेले सगळे त्यासाठी येतात. मी लहानपणापासून एकही पळण चुकवलेली नाही, आणि हे मी ऑफिसात कुणाला पटवून देऊ शकलेलो नाही. ह्या वेळी तर आदल्या दिवशीची रजा नाकारली, म्हणून त्याच दिवशी पहाटे निघून दुपारच्या आत गाव गाठायचं होतं. मांजरांना एरवी सांभाळणारे शेजारी लेकीकडे गेले होते. तेव्हा मांजरंही पळणीला.

गावात आमचे दादा असतात, म्हणजे माझा थोरला भाऊ, सत्तरीचा, आणि वहिनी. दादाचे गुडघे आता कुरकुरतात, म्हणून घरातलं सामान वेशीबाहेर न्यायला माझी गाडी हवी होती. आदल्या रात्री त्याचा फोन आला.

"माजरां घेवन येतास तर येवा. पण एक आयक. गाडी पयली वेशीभायर खोपीकडे लाव. तिका आणि माजरांका थंय उतरव. मगे एकटोच घराकडे ये सामानाक. माजरां गावात हाडू नको."

"हाडणंय न्हाय," मी वचन दिलं, आणत नाही म्हणून.

"हाडू नको म्हणजे हाडू नको. त्या दिसा सगळी माजरां भायर काढतत, तू भितर नेशीत."

मी हसलो. दादाला माझी पुरती ओळख होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गगनबावड्यानंतर करूळ घाटात धाकट्याने उरलासुरला बांगडाही बाहेर काढला. तळेऱ्याला गाडी थांबवून बायकोने टोपली धुतली, नवा टॉवेल घातला. मी सीट पुसली. वास गेला नाही. बाटलीभर पाणी ओतलं तेव्हा त्याला ओला वास आला, एवढंच. ह्या सगळ्यात दोन तास गेले होते. एक वाजत आला होता आणि तीनला देवळात नौबत वाजायची होती. नौबत वाजली की वेशीच्या आत कुणी राहायचं नाही.

"टोपलीची चेन लावली का?" बायकोने विचारलं.

"लावली."

लावली होती. अर्धी.

गाव जवळ आलं तसा समोरून गाव बाहेर येताना दिसायला लागला. बैल, गाई, डोक्यावर वळकट्या घेतलेल्या बाया, रिक्षाच्या टपावर बांधलेली खुराडी. एका म्हाताऱ्या बाईने काखेत मांजर धरलं होतं, पदराने त्याचं तोंड झाकून. ह्या सगळ्या गर्दीच्या उलट दिशेला आमची एकच गाडी, आणि तिच्यातून थोरलीच्या हाका. वेशीवर उजव्या हाताला खोपी दिसत होत्या, वहिनीने वर हात करून खूणही केली. बायको म्हणाली, "थांबवा. आम्ही उतरतो."

मी घड्याळ बघितलं. पावणेदोन.

"आता टोपल्या उतरवा, सावली शोधा, परत गाडी वळवा. पाच मिनिटांचं काम आहे घरी. सामान टाकू आणि सगळे बरोबरच बाहेर येऊ."

"दादांनी काय सांगितलंय?"

"दादा सगळंच सांगतो."

मी वेस ओलांडली.

दादा अंगणातच उभा होता. गाद्या, भांड्यांची पोती, कंदील, औषधांचा डबा, सगळं ओटीवर रचून ठेवलेलं. गाडीतून वास आला तसा तो दोन पावलं मागे सरला. मी चारही दारं उघडली. हवा लागली की वास जाईल, असा साधा हिशेब. मग गाद्या उचलायला ओटीवर चढलो. तिसरी गादी आणताना बायकोचा आवाज आला. तिने माझं नाव घेतलं नाही, मांजराचंही घेतलं नाही. नुसतं म्हणाली, "गेला."

टोपलीच्या अर्ध्या चेनीतून बाहेर निघून धाकटा मागच्या दारातून उतरला होता. पिवळी शेपटी काजूच्या बुंध्यामागे दिसली, मग दिसली नाही.

पुढचा तास कसा गेला ते मला आजही सलग आठवत नाही. आठवतं ते तुकड्या-तुकड्यांनी. बायको खाऊचा डबा खुळखुळवत विहिरीभोवती फिरतेय. मी गवताच्या उडवीखाली पोटावर झोपून आत डोळे घालतोय, आणि आतून फक्त एक बेडूक माझ्याकडे बघतोय. न्हाणीघर, लाकडांची रास, नारळाच्या सोडणांचा ढीग, शेजारच्यांचं बंद घर. शेजारच्यांचं घर बंद होतं, त्यापुढचंही बंद होतं. सगळी वाडी बंद झाली होती. गुरं नसलेल्या गोठ्यांचा असा एक वास येतो, तो मी पहिल्यांदाच घेतला. आपण हाक मारली की तीच हाक भिंतीवरून परत येत होती. गाडीत थोरली एकदम गप्प झाली होती. पुण्यापासून मी त्यासाठी देवाला हात जोडत होतो, पण आता तिचं गप्प राहणं बघवत नव्हतं.

इथे दादाचं काम सांगायला हवं, कारण ते आमच्या घराकडे वडिलांच्याही आधीपासून आहे. पळणीच्या दिवशी आमच्या वाडीतलं शेवटचं घर बंद झालं की आमच्यातला एकजण घरोघर फिरून बघतो. मग देवळात जाऊन पायरीवर उभा राहून मानकऱ्यांना सांगतो, आमची वाडी रिकामी, एकही जीव मागे नाही. प्रत्येक वाडीचं असं सांगून झालं की नौबत वाजते. बस, एवढंच काम. वडील करायचे, आता दादा करतो. दादाला गावात कुणी मोठा माणूस म्हणत नाही, पण त्या पायरीवर त्याने सांगितलेलं कुणी पुन्हा जाऊन तपासत नाही.

अडीचला दादा काठी टेकत वाडी फिरून आला. मी शेणाने भरलेल्या चपला झटकत उभा होतो. बायको मागच्या पडवीत होती.

"माजर गावला?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. गुडघ्याला पट्टा. 'गावला नाही' म्हटलं तर त्याला पायरीवर उभं राहून सांगावं लागणार, की सगळ्या गावात एक आमचंच घर रिकामं झालं नाही. तेही भावाने पुण्याहून मांजर आत आणलं म्हणून. आणि खरं सांगायचं तर मला त्याच्या आधी माझी स्वतःची नाचक्की दिसली. सगळा माळ मला तीन दिवस माजरवालो म्हणणार.

"गावला," मी म्हटलं.

"खंय होतो?"

"सीटीखाली लपलेलो."

"बरा झाला," दादा म्हणाला. एवढा हलका झाला तो, की काठी काखेत मारून दोन पावलं तशीच चालला. "मी पुढे जातंय देवळाकडे. तू सामान घेवन नीघ."

तो फाटकाबाहेर गेल्यावर बायको पडवीतून पुढे आली. तिने सगळं ऐकलं होतं. रिकाम्या टोपलीची चेन तिने शेवटपर्यंत ओढून लावली, टोपली गाडीत ठेवली आणि पुढे बसली. मी कुलूप लावलं. नौबत वाजली तेव्हा आम्ही वेशीवर होतो.

पळणीचे ते तीन दिवस म्हणजे आमच्या गावाची खरी मजा. कोण कुणाकडे जेवतं ह्याला धरबंध नसतो. खाडीतली मासळी थेट चुलीवर. एरवी बांधावरून भांडणारे दोन शेजारी एका खोपीत एका चटईवर. मी दर वेळी रमतो. ह्या वेळी मला बसवेना. पत्त्यांना बसलो तर पानं हातात धरून वेशीकडे बघत राहायचो. "तुझी उतारी!" कुणीतरी ओरडायचं आणि मी भलतंच पान टाकायचो. उठायचो, वेशीपर्यंत जायचो. तिथून आत एक लाल वाट जाते, आंब्यापाशी वळते, आणि आमचं घर त्या वळणामागे. वळणापर्यंतचं सगळं दिसतं, त्यापुढचं नाही. कावळे आत-बाहेर करत होते. त्यांना कुणी विचारत नव्हतं. मी उभा राहायचो, परत यायचो, पाणी प्यायचो, पुन्हा जायचो. माळावरच्या लोकांना वाटलं माझं पोट बिघडलंय. एका काकींनी ओव्याचा अर्क पाठवला. मी तो प्यालोही. नाही म्हणायचा धीर उरला नव्हता.

बायको वहिनीला मासे साफ करू लागायची, भात गाळायची, सगळ्यांशी नीट बोलायची. फक्त माझ्याशी नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. "पाण्याची कळशी" म्हणायची, "उजवीकडे सरका" म्हणायची. थोरली खोपीच्या दाराशी दोरी बांधून बसलेली, तोंड वेशीकडे. दोघींपैकी एकीशीही नजर मिळवायची सोय नव्हती.

आणि ती टोपली. धाकट्याची रिकामी टोपली मी खोपीच्या आतल्या कोपऱ्यात, वर टॉवेल टाकून ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, बोका बुजरा आहे, माणसं बघून घाबरतो. वहिनी दोनदा तिच्यासमोर भाताची वाटी ठेवून गेली. पाठ वळली की मी ती वाटी माडाच्या मुळाशी रिकामी करायचो. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः आला, पानात सुरमईचं डोकं घेऊन.

"ह्या घाल तेका. नुसतो भात कसो खातलो?"

"निजलो हा."

"सकाळी इलंय तेव्हाय निजलेलोच होतो."

"वाटेत त्रास झालो तेका. दमलो."

दादा टोपलीकडे बघत राहिला. मी टोपलीच्या आणि त्याच्या मध्ये बसलो. अंगाने मी जाड आहे, त्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

"दोन दीस निजलो?" दादा म्हणाला. "पुण्याचोच तो. थंय माणसांय दुपारची दारा लावन निजतत, मग माजराक कोण काय बोलतलो!" शेजारच्या खोपीतले हसले. दादाही हसला. पान माझ्या हातात देऊन गेला. ते सुरमईचं डोकं हातात धरून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. बायको आली, पान माझ्या हातातून घेतलं, थोरलीपुढे ठेवलं. मग पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलली.

"दादा त्या बोक्यासाठी डोकं मागायला तीन खोपी फिरले. गुडघ्याला पट्टा बांधून."

ते वाक्य घेऊन मी वेशीवर गेलो आणि ते घेऊनच परत आलो. ती संध्याकाळ तशीच गेली आणि तिसऱ्या दिवसाची दुपारही. दर वेळी ठरवायचो, आता सांगू. दर वेळी दादाबरोबर कुणीतरी असायचं, किंवा तो भजनाला टाळ शोधत असायचा, किंवा इतका खुशीत असायचा की सांगवत नसे. तिसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा तो खोपीबाहेर एकटा बसून चुडताच्या हिरांची केरसुणी बांधत होता. उद्या सकाळी कौल. मी त्याच्या शेजारी बसलो. उठलो. पुन्हा बसलो.

"मुंगये चावले?" त्याने विचारलं.

"दादा, टोपलेत बोको न्हाय."

"खंय गेलो?"

"गेलो न्हाय. इलोच न्हाय. माका गावलोच नाय तो. घराकडेच रवलो."

दादाचे हात थांबले नाहीत. एक हीर, दुसरी हीर. तिसरी हातातच राहिली.

"पाणी ठेवलंस तेका?"

मला वाटलं होतं तो देवाचं काढेल. तीन दिवस मी माझ्या अब्रूभोवती फेऱ्या घालत होतो, पाण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

"ठेवलंय मी," बायको दारातून म्हणाली. "मागच्या पडवीत बादली भरून. परातीत भात आणि सुकट. कोरडा खाऊही आहे."

दादाने मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुमका दोघांकाय म्हायत होता."

आतून वहिनीचा आवाज आला, "माका न्हाय हां म्हायत! मी दोन वेळा भात घातलंय त्या टोपलेक!"

कुणी हसलं नाही.

"मी देवळाच्या पायरेर उभो रवान सांगलंय," दादा म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "एकय जीव मागे न्हाय. बाबांनी जसा सांगल्यानी, तसाच सांगलंय. आणि तू हयसर पत्ते खेळत होतंस."

"खेळाक जमला न्हाय माका."

"ता माका दिसला. सगळे डाव हरलंस." त्याने हातातली तिसरी हीर बाजूला ठेवली. "फाल्यां कौल लावचे आधी सांगूक व्हया."

"मी सांगतंय. चूक माझी."

"चूक तुझी. शब्द माझो. दोघांनी जावया."

आणि कौल झाला नाही तर? तेच आमच्या मधे बसलेलं होतं. सगळ्या गावाला आणखी एक दिवस बाहेर राहावं लागणार. मुंबईवाल्यांच्या गाड्या संध्याकाळी कुडाळहून होत्या. कुणाची रजा संपलेली, कुणाच्या पोरांच्या परीक्षा. सगळ्या माळाला कळणार होतं, कुणाच्या कुठल्या मांजरापायी.

सकाळी मानकरी वेशीपाशी जमले. कौल लावायला तेच आत जाणार होते, बाकी गाव बाहेर उभा. त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजोबांसमोर दादा जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे लपावं तसा उभा होतो, मग लाज वाटून शेजारी आलो. दादा तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "आजोबांनू, दादान खोटा सांगूक न्हाय. मी तेका खोटा सांगलंय." आणि सगळं सांगून टाकलं, बांगड्यापासून. बांगड्याची गरज नव्हती, पण एकदा सुरू झालो की मी मधून सुरू होऊ शकत नाही.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि माळावर एकच गिल्ला झाला.

"म्हणान तीन दीस हो वेशीर फेरये घालीत होतो!"

"आणि माझो ओव्याचो अर्क?" त्या काकी ओरडल्या.

एकजण म्हणाला, "माजर पुण्याचा. गावचा न्हय. तेका नियम कसो लागतलो? पावणो तो."

"पावणो झालो तरी जीवच मां?"

"अरे पण आपण होवन रवलो तो. आमी ठेवक न्हाय."

"माझी गाडी चुकली तर मी तुझ्या पुण्याच्या घराकडे येवन रवतलंय," एका मुंबईकराने मला सांगितलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

आजोबांनी हात वर केला. ते दादाला म्हणाले, "आता खरा भायर इला मां? झाला तर." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मग देवळाच्या दिशेला तोंड करून, हात जोडून, त्यांनी तिथेच गाऱ्हाणं घातलं. नेहमीचं घातलं, आणि त्याच सुरात पुढे म्हणाले, की एक मुकं जनावर आत रवलेलं आसा, लांबसून इलेलं, तेका तुझी रीत म्हायत न्हाय, आणि जेणी हाडलो तेका म्हायत असान अक्कल न्हाय, तर दोघांकाय पोटात घाल.

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. माझ्या अकलेबद्दल एवढं एकमत मी कधी ऐकलं नव्हतं. मीही म्हणालो.

मानकरी आत गेले, दादा त्यांच्याबरोबर. लाल वाटेवरून, आंब्यापाशी वळून दिसेनासे झाले. मग वाट बघणं. होकार असेल तर ढोल वाजणार होता. मी ह्या पायावरून त्या पायावर होत होतो. खोपी सोडायचं काम सुरू झालं, थांबलं, कुणी बांधलेली वळकटी सोडून तिच्यावर बसलं. बायको थोरलीला छातीशी धरून वेशीच्या दगडाला टेकून उभी होती. अर्धा तास गेला. एरवी एवढा लागत नाही, कुणीतरी म्हणालं. लागता कधी कधी, दुसरं म्हणालं. पाऊण तास. मुंबईकर माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभा राहिला होता.

ढोल वाजला तेव्हा मला तो आधी छातीत वाजला असं वाटलं. लोक ओरडले, गुरं बिथरली, आणि सगळा गाव एकदम आत घुसला. मी धावलो. पन्नाशी उलटलेला माणूस एका हातात रिकामी टोपली घेऊन गुरांच्या मधून धावतोय, हे दृश्य गावात अजून सांगितलं जातं असं ऐकतो.

पडवीतली बादली अर्धी झाली होती. परात चाटून साफ. पण धाकटा नव्हता. मी हाका मारल्या. बायको डबा खुळखुळवत फिरली. मग दादा देवळातून आला. तो हाकबिक मारत बसला नाही. गोठ्यात गेला, वहिनीकडून सुकटीची मूठ मागून घेतली आणि पेंढ्याच्या माळ्याकडे बघून नुसतं म्हणाला, "चल रे, देवाक सांगलंय तुझा नाव. उतर आता."

पेंढ्यातून पिवळं डोकं बाहेर आलं. धाकट्याने खाली बघितलं, जरा विचार केला आणि खांबावरून सरसर उतरून दादाच्या पायाशी आला. मी उचलायला गेलो तर माझ्या मनगटावर चार ओरखडे काढले. दादाने त्याला काखेत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "हेच्या अंगार तीन दिसांत मास चढला. तुझ्या उतारला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, दोन टोपल्या, दोन मांजरं, कुणालाही काहीही न खायला घालता. दादाने फाटकातून हात हलवला. घाट चढेपर्यंत गाडीत कुणी ओरडलं नाही, मागेही नाही आणि पुढेही नाही. हे मला जास्तच झालं. गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा मी बायकोला म्हटलं, "तीन दिवस बोलली नाहीस माझ्याशी. धाकट्याची एवढी काळजी लागली होती?"

"धाकट्याची कशाला? त्याला पाणी होतं, भात होता, अख्खं गाव होतं," ती म्हणाली. "दादांना तुम्ही सांगितलं नसतंत, तर पुढच्या पळणीपर्यंत ते तसंच घेऊन बसला असतात. तीन वर्षं, चार वर्षं, किती ते देवाला माहीत. आणि रोज रात्री कूस बदलत बसला असतात ते माझ्याच शेजारी ना?"